रोमला जा, पण दुपार नागपूरची ठेवा

प्रश्न: ताई, नमस्कार. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं पाच रात्रींसाठी रोमला चाललो आहोत. मी, हे, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई 71 वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, आणि पक्क्या शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. आम्ही बाकीचे अंडं-चिकन खातो, त्यापलीकडे नाही. ह्यांनी 27 ठिकाणांची यादी करून ती तासातासांत बसवली आहे. त्यात एका दिवसात फ्लॉरेन्स आणि पिसाही आहे. उन्हाचं काढलं की म्हणतात, "आपण नागपूरचे. आपल्याला कोण ऊन दाखवतो?" सासूबाई पाच दिवसांच्या दशम्या, तूप आणि पेढे बांधायला निघाल्या आहेत, कारण तिकडे आपल्यासाठी काही मिळत नाही असं त्यांना कोणीतरी सांगितलंय. मुलाला पिझ्झा आणि आइस्क्रीम सोडून कशाशी घेणं नाही. काय पाहू, काय खाऊ, काय सोडू? आणि ते कारंज्यात नाणं टाकायचं असतं म्हणतात, ते टाकायचं का? परत येताना आमचं आपसात बोलणं चालू असावं, एवढीच माझी इच्छा आहे.
– एक सून, नागपूर

उत्तर:

यजमानांचं म्हणणं खोटं नाही. नागपूरकराला ऊन दाखवायची रोमची टाप नाही. जूनमध्ये तिथे पारा 30 च्या आसपास असतो, लाट आली तर 35 च्या वर जातो. पण त्यांना एकच विचारा: नवतप्यात दुपारी एक वाजता तुम्ही सीताबर्डीवर पायी हिंडता का? नाही ना? कूलरसमोर पन्हं घेऊन पडलेले असता. मग ज्या माणसाला उन्हाची एवढी जाण आहे, तो सहा हजार किलोमीटर लांब जाऊन, वर पैसे मोजून, भर दुपारी दगडांवर का चालतो? रोमची माणसंसुद्धा चालत नाहीत. छोटी दुकानं दुपारी बंद होतात, बरीचशी चर्च साडेबारापासून तीन-चारपर्यंत कडी लावून घेतात, आणि रस्त्यावर उरतात ते फक्त पर्यटक, टोमॅटोसारखे लाल झालेले.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझ्या आईला घेऊन मी जुलैत गेले होते. माझ्याकडेही यादी होती, तुमच्या ह्यांच्यापेक्षा थोडी लहान. कलोसियम, म्हणजे ते जुनं रंगमैदान, झालं, त्याच तिकिटात फोरम, म्हणजे जुन्या शहराच्या चौकाचे अवशेष, आणि पॅलेटाइन टेकडी असते, म्हणून दुपारी एक वाजता फोरममध्ये शिरलो. तिथे सावली म्हणजे एखाद्या खांबाची, तीही हातभर रुंद. आई एका पडक्या दगडावर बसली, पदराने वारा घेतला आणि म्हणाली, "बाई, पडक्या भिंतीच दाखवायच्या होत्या तर निदान कूलर असलेली एखादी दाखवायचीस." पुढचे दोन दिवस तिने खोलीतून पाय बाहेर ठेवला नाही. माझी यादी तिथेच संपली आणि खरं रोम त्यानंतर सुरू झालं, कारण मग आम्ही फक्त सकाळी आणि संध्याकाळी बाहेर पडू लागलो.

तेव्हा पहिलं काम यादीला कात्री लावायचं नाही. खोलीचं आहे. खोली शहराच्या मधोमध घ्या. लांबची स्वस्त खोली घेतली की दुपारी परतणं होत नाही, आणि परतणं झालं नाही की सासूबाई कुठल्यातरी पायरीवर बसून तुमच्याकडे बघत राहतात. ती नजर तुम्हाला ठाऊक असेल. एसी आहे का आणि लिफ्ट आहे का, हे दोन्ही लेखी विचारून घ्या. रोमच्या जुन्या इमारतींत तिसरा मजला म्हणजे खरोखर तीन मजले चढणं असतं. भाड्याशिवाय शहराचा कर माणशी, रात्रीगणिक वेगळा भरावा लागतो. दहा वर्षांखालच्या मुलांना माफी आहे. तुमचं पोरगं एका वर्षाने चुकलं.

आता दिवस असा लावा. जूनमध्ये तिथे साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि पावणेनऊपर्यंत सूर्य मावळत नाही. म्हणजे दुपारचे चार तास सोडले तरी हातात अकरा तास उरतात, आणि तेही चांगले. सकाळी लवकर बाहेर, एक वाजता जेवण, दोन ते पाच खोलीत झोप, मग रात्री साडेदहापर्यंत हिंडा. मुलगा जागा राहील, काळजी नको. तिथली तीन-तीन वर्षांची पोरं रात्री दहाला चौकात चेंडू खेळत असतात.

फ्लॉरेन्स आणि पिसा काढून टाका. फ्लॉरेन्सला जलद गाडीने दीड तास लागतो, म्हणून कागदावर ते सोपं दिसतं. पण एका दिवसात दोन्ही केलंत तर पाहाल ते स्टेशनं. पिसाचा मनोरा तिरका आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तो तसाच राहील. यजमान फारच हट्टाला पेटले तर त्यांना एकट्याला पाठवा. घरातल्या शांततेला त्याने मदतच होईल.

कलोसियम सकाळी साडेआठचं घ्या, उघडल्या उघडल्या. तिकीट ठरल्या वेळेचं आणि नावानिशी असतं, पासपोर्टवर जे नाव तेच तिकिटावर हवं. अठरा वर्षांखाली पैसे पडत नाहीत, पण मुलाचंही तिकीट काढावं लागतं. वर जायला लिफ्ट आहे, सासूबाईंसाठी विचारा. इ.स. 80 मध्ये हे उघडलं तेव्हाही प्रेक्षकांच्या डोक्यावर कापडाची प्रचंड छतं ताणायची सोय होती, आणि ती ओढायला आरमारातले खलाशी ठेवलेले असत. म्हणजे रोमन लोकांनाही दुपार कळत होती. फोरम त्याच सकाळी उरकायचा असेल तर अकराच्या आत बाहेर पडा, नाहीतर वरून, कॅपिटोलिन टेकडीच्या कठड्यावरून संध्याकाळी नुसता पाहा. खरं सांगायचं तर वरूनच जास्त कळतो.

पँथिऑन मात्र आत जाऊन पाहाच. तिकीट काढावं लागतं. इ.स. 126 च्या सुमारास पुरं झालेलं हे देऊळ, घुमटाचा व्यास 43 मीटर आणि जमिनीपासून त्याची उंचीही तेवढीच. आत मोठाच्या मोठा गोल चेंडू बरोबर मावेल. लोखंडाची एकही सळई न घालता ओतलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट जगात दुसरा नाही. वर मधोमध नऊएक मीटरचं उघडं भोक. उन्हाचा गोल कवडसा त्यातून उतरतो आणि दिवसभर भिंतीवरून सरकत राहतो. पाऊस आला की सरळ आत पडतो आणि फरशीत बारीक भोकं आहेत त्यातून निघून जातो. मुलाला ती भोकं शोधायला लावा. तो पंधरा मिनिटं गुंतेल, तेवढ्यात सासूबाईंना बाकावर बसता येईल.

बाहेर आलात की खरी मौज. रोमच्या रस्त्यांवर बिडाचे बुटके नळ दिसतील, त्यांना 'नाझोने' म्हणतात, म्हणजे नाकाड्या. 1874 पासून ते शहरात आहेत, आज अडीच हजारांच्या घरात. पाणी सतत वाहतं, गार असतं आणि प्यायचंच असतं. आपल्या लोकांना वाटतं वाया चाललंय, आणि ते ओंजळ धरून वाकतात. तसं नाही करायचं. नळाच्या तोंडाला खालून बोट दाबायचं. नळीच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं, त्यातून पाण्याची धार कमानीसारखी वर उडते आणि सरळ तोंडात येते. पहिल्यांदा करताना चष्मा भिजतो. बाटल्या विकत घेऊ नका, एक-एक घरून न्या आणि भरत राहा.

आता खाण्याचं. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण भांडणं तिथेच होतात.

इटलीत आपल्यासाठी काही मिळत नाही हे साफ खोटं आहे. पण "शाकाहारी" म्हटलं की झालं, हेही खोटं आहे. कलोसियमजवळच्या एका खानावळीत मी वेटरला "वेजेतारियाना" असं तीनदा सांगून आईसाठी भोपळ्याच्या फुलांची भजी मागवली. झुकिनीची फुलं, पिठात बुडवून तळलेली, आपल्या भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांची सख्खी बहीण. आईने पहिला घास घेतला, थांबली, आणि आतून करड्या रंगाची दोरी ओढून काढली. मासळी. रोममध्ये त्या फुलांत मोझरेलासोबत 'आलीची' नावाची खारवलेली बारीक मासळी भरतातच. वेटरचं काही चुकलं असं त्याला वाटलंच नाही. मांस कुठे होतं त्यात?

म्हणून दोन वाक्यं पाठ करा: 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे', म्हणजे मांस नको, मासे नको. पुढे 'सेन्त्सा उओवा' जोडा, अंडंही नको. ताजा, हाताने लाटलेला पास्ता, फेत्तुचिने वगैरे, बहुतेक वेळा अंड्यात मळलेला असतो. पाकिटातला सुका पास्ता, स्पॅगेटी, पेन्ने, हा नुसता रव्याचा आणि पाण्याचा. सासूबाईंना तो चालेल. रोमचे चार प्रसिद्ध पास्ते आहेत, त्यांतल्या तीन, म्हणजे कार्बोनारा, आमात्रिचाना आणि ग्रिचा, ह्यांत डुकराच्या गालाचं मांस असतं. आमात्रिचाना दिसायला साधा टोमॅटोचा रस्सा दिसतो, म्हणून जास्त सांभाळा. ते तिन्ही तुम्हा सगळ्यांनाच बाद. चौथा काचो ए पेपे, नुसतं चीज आणि भरडलेले मिरे. तुम्हा तिघांनी तो खावाच.

सासूबाईंनी? इथे एक अडचण आहे, आणि ती तुम्हाला कोणी सांगणार नाही. तिथल्या जुन्या पद्धतीच्या चीजसाठी दूध फाडायला रेनेट वापरतात, ते वासराच्या किंवा कोकराच्या पोटातून काढलेलं असतं. पार्मेजानोला वासराचं, पेकोरिनो रोमानोला कोकराचं, नियमच तसा आहे. मोझरेलाही बहुधा तसंच. बरेच शाकाहारी लोक हे माहीत असून खातात, बरेच सोडतात, आणि बहुतेकांना माहीतच नसतं. सासूबाईंना हे सांगायचं की नाही, असा प्रश्न तुमच्या मनात आत्ता आला असेल. सांगा. निघायच्या आधी, घरी, निवांत वेळी सांगा आणि काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. सोमवारचा उपास धरणाऱ्या बाईला सुनेने गुपचूप काहीतरी खाऊ घातलं, हे पुढे कधी कळलं तर त्याला रोमही पुरणार नाही.

त्यांनी चीज सोडायचं ठरवलं तरी हाल नाहीत. पिझ्झा मारिनारा मागा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज नाहीच. हा काही तडजोडीचा प्रकार नाही, जुना आणि अस्सल आहे. बेकरीत 'पिझ्झा आल ताल्यो' मिळतो, मोठ्या ताटातला, कात्रीने कापून वजनावर देतात. बोटाने दाखवायचं एवढा, की कात्री तिथेच चालते. त्यात बटाट्याच्या पातळ चकत्या आणि रोझमेरी घातलेला असतो, तो सासूबाईंना आवडला नाही तर मला लिहा. पेन्ने आराब्याता चीज न घालता मागा, लाल मिरचीचा आहे, पण तुमच्या तर्रीपुढे तो शाळकरी. 'चिकोरिया रिपास्साता' ही तर सरळ पालेभाजी आहे: कडसर पाला उकडून, लसूण आणि मिरचीच्या तेलात परतलेला. आईने ती पाहिली आणि म्हणाली, "हे बघ, फोडणी येते ह्यांना." उन्हाळ्यात घरगुती खानावळींत भात भरलेले टोमॅटो असतात, बटाट्यांबरोबर भाजलेले, कोमटच वाढतात. आणि पाटीवर 'पेपेरोनी' दिसलं तर मुलाला वाटेल सॉसेज. ती ढोबळी मिरची असते. त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

दशम्या न्या, प्रवासात बऱ्या. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लोणचं न्या. पण तूप आणि पेढे घरी ठेवा. युरोपात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. आंब्याची पेटीही नको. विमानतळावर पेढे टाकून द्यावे लागले तर पहिला दिवस तिथेच गेला समजा.

कॉफी उभ्याने प्या. बारमध्ये काउंटरपाशी उभं राहून सव्वा-दीड युरोत एस्प्रेसो मिळते, तीच टेबलावर बसून घेतली की दुप्पट-तिप्पट होते. पुष्कळ ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर ठेवायची असते. नुसतं 'लाते' मागू नका, कपभर दूध देतील. सासूबाईंना तेच हवं असेल तर मात्र मागा. चहाची आशा सोडा. टी-बॅग आणि गरम पाणी येतं, त्यावर न बोललेलं बरं. जेवणाच्या बिलात माणशी दोनएक युरो पावाचे म्हणून लागतील, ती फसवणूक नाही. बिल मात्र मागितल्याशिवाय येत नाही, तासभर बसलात तरी. 'इल कोन्तो' म्हणा. जेवण रात्री साडेसातच्या आधी मिळत नाही, आणि सात वाजता दारात उभं राहून आत बोलावणारा माणूस, फोटोंचं मेन्यूकार्ड आणि समोर मोठं स्मारक, ही तीन लक्षणं एकत्र दिसली की पुढे चला. दोन गल्ल्या आत गेलं की तेच जेवण बरं आणि स्वस्त मिळतं.

जेलातोची परीक्षा पिस्त्यावर करा. भडक हिरवा असेल तर रंग आहे, मळकट असेल तर पिस्ता आहे. डोंगरासारखा रचलेला दिसला तर सोडा. झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत ठेवलेला बहुधा चांगला निघतो. दुधाच्या प्रकारांत अंडं असू शकतं, म्हणून सासूबाईंना फळांचं सॉर्बेत्तो द्या. त्याहून चांगलं म्हणजे त्यांना टायबर नदीकाठी न्या. तिबेरिना बेटाजवळ 'ग्रात्ताकेक्का'ची टपरी असते. बर्फाची लादी हाताने खरवडतात, पेल्यात भरतात आणि वर फळांचं सरबत ओततात. कालाखट्टा सोडला तर आपला गोळाच. पंधरा वर्षांची झाल्यासारखी माझी आई तिथे हसली होती.

व्हॅटिकनला एक सकाळ द्या. सेंट पीटर्स हे तिथलं चर्च सातला उघडतं, साताला जा, रांग नसते आणि पैसे पडत नाहीत. बुधवारी सकाळी नको, पोपची सभा असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तुमच्या सलवार-कुर्त्याला आणि सासूबाईंच्या साडीला कोणी हात लावणार नाही. अडवलंच तर यजमानांच्या बर्म्युडाला अडवतील. घुमटावर 551 पायऱ्या आहेत. थोडं लिफ्टने जाता येतं, तरी पुढच्या 320 चढाव्याच लागतात. बाप-लेकाला पाठवा, तुम्ही दोघी खाली मिकेलान्जेलोच्या 'पिएता' ह्या मूर्तीसमोर थांबा. व्हॅटिकनचं म्युझियम त्याच दिवशी करू नका.

दुपारी झोप येत नसेल अशा एखाद्या दिवशी बोर्गेझे गॅलरी. आधी वेळ ठरवूनच आत घेतात, दोन तास, एसी आहे. शिल्पकार बेर्निनीची अपोलो आणि डॅफ्नीची मूर्ती तिथे आहे. पळता पळता मुलीचं झाड होतं, बोटांना पानं फुटतात, आणि ती पानं संगमरवराची असून इतकी पातळ आहेत की उजेड आरपार जातो.

एक संध्याकाळ मात्र मी सांगते तशीच करा. टॅक्सीने अव्हेंटिन टेकडीवर, संत्र्यांच्या बागेत. हो, संत्र्यांच्या. रोममध्ये तुम्हाला मी नागपूरच दाखवणार आहे. तोडून खाऊ नका, कडू जातीची आहेत. कठड्यावरून टायबर, घरांची छपरं आणि मागे सेंट पीटर्सचा घुमट, त्यामागे सूर्य. शेजारच्या चौकात एका हिरव्या दाराच्या किल्लीच्या भोकाला लोक रांगेने डोळा लावतात. आत झाडांच्या बोगद्याच्या टोकाला तोच घुमट बरोबर मधोमध दिसतो. सासूबाईंना वाकायला लागेल, आधार द्या.

पायांत चांगल्या पकडीचे बूट हवेत. तिथल्या रस्त्यांना काळ्या दगडांचे चौकोनी ठोकळे आहेत, चप्पल अडकते आणि बॅगेची चाकं तुटतात. बसमध्ये आणि मेट्रोत पर्स पुढे घ्या, खिसेकापू मुलीसुद्धा असतात, नीटनेटक्या. स्पॅनिश पायऱ्यांवर बसू नका. 2019 पासून बंदी आहे, दंड होतो. सासूबाईंना हे आधीच सांगा, कारण पायरी दिसली की त्या बसणार.

आणि नाण्याचं. त्रेवीच्या कारंज्यात उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून टाकतात, पाठ फिरवून. गोदावरीच्या पुलावरून गाडीच्या खिडकीतून नाणं टाकणाऱ्या आपल्या लोकांना ह्यात शिकण्यासारखं काही नाही. ती नाणी गोळा करून कारितास ह्या धर्मादाय संस्थेला देतात, तेव्हा सासूबाईंनाही पटेल. फक्त दिवसा जाऊ नका, माणसांच्या पाठी दिसतात. सकाळी सहाला जा. पाण्याचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो. दहा सेंटचं नाणं घ्या, युरोचं ग्रात्ताकेक्कासाठी ठेवा.